आई-बाबा आणि मुलांसह ली नदी, ग्वेलिन ते यांगश्वो: मोठी बोट की तराफा?

सिंहगडरोडकर
यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरचे सहा जण चीनमधल्या ग्वेलिनला जायचं ठरवतोय. बाबा ७३, आई ६९ (गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते), आम्ही दोघं, मुलगी ११ आणि मुलगा ६. आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. ग्वेलिनच्या परिसरासाठी पाच रात्री आहेत. ली नदीतून यांगश्वोपर्यंत जायचं आणि मग खेड्यात निवांत राहायचं, एवढंच हवंय. उंच इमारती आणि मॉल नकोत.

प्रश्न असे: १) मोठी बोट घ्यावी की तराफा? २) मुक्काम कुठे करावा? ३) नोव्हेंबर बरा का? ४) आई-बाबांच्या जेवणाचं काय? ज्यांना त्या भागाची नीट माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

नकाशेवाला
आधी नदीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बाकीचं सोपं होईल. ग्वेलिन ते यांगश्वो पाण्याने ८३ किमी आहे, पण हे सगळं अंतर बोट करत नाही. मोठ्या बोटी शहराबाहेरच्या मोफानशान किंवा चूच्यांग धक्क्यावरून सुटतात आणि तिथे पोचायला शहरातून बसने पाऊण ते एक तास लागतो. बोटी सकाळी ९ ते १०च्या सुमारास एकामागोमाग एक निघतात. पुढचा प्रवास साधारण चार-साडेचार तासांचा. दुपारचं जेवण बोटीवरच, उतरायचं यांगश्वोला. प्रवासी घेऊन बोटी फक्त प्रवाहाच्या दिशेने जातात, परत यायचं ते रस्त्याने, दीड तासात.

म्हणून ग्वेलिनला मुक्काम ठेवून 'जाऊन येऊन' करू नका. सामान बोटीवर घ्या, यांगश्वोला उतरा आणि तिथेच राहा. बोटीवर बॅगा ठेवायला जागा असते. मोठ्या चार बॅगांपेक्षा मध्यम सहा बऱ्या, कारण धक्क्यावर पायऱ्या असतात आणि बॅगा हातानेच उचलाव्या लागतात.

संपूर्ण प्रवासात सगळ्यात देखणा टप्पा यांगती ते शिंगपिंग, ही दोन्ही वाटेतली नदीकाठची गावं. पहिला तास डोंगर लांब-लांब दिसतात. यांगतीनंतर दोन्ही काठांनी सुळके नदीला भिडतात. जेवणही नेमकं त्याच सुमाराला वाढलं जातं. लोक ताटं घेऊन आत बसतात आणि उत्तम भाग काचेतून जातो. ताट उरकून यांगतीच्या आधी वरच्या डेकवर पोचा, किंवा जेवण उशिरा घ्या.

गव्हाचीचिक्की
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही सासू-सासऱ्यांसह हाच बेत शिजतोय.

पाणकावळा
नकाशेवाला, माहिती चोख आहे, पण मोठ्या बोटीचा आग्रह मला पटत नाही. एका वेळी रांगेने बोटी निघतात, पुढच्या बोटीचा पार्श्वभाग आणि मागच्या बोटीचा भोंगा सोबतीला. डेकवर कठड्याशी तीन रांगा लागतात. सहा वर्षांच्या मुलाला लोकांच्या पाठी दिसणार आणि चार तास बसून तो कंटाळणार.

तराफा घ्या. एका तराफ्यावर चार जण, पाणी हाताला लागेल इतकं जवळ, आणि नेमका यांगती-शिंगपिंग पट्टाच बघायचा. तास-सव्वा तासात मन भरतं.

नकाशेवाला
पाणकावळा, ली नदीवरच्या तराफ्यांबद्दल दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. एक, ते बांबूचे नाहीत. जाड पीव्हीसी नळ्यांचे आहेत आणि मागे मोटर लावलेली असते. चार-पाच तराफे जवळून गेले की आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. दोन, वयाची आणि उंचीची अट असते. फार वयस्कर माणसं आणि ठरावीक उंचीखालची मुलं तराफ्यावर घेत नाहीत आणि ही अट धक्क्यागणिक बदलते. सिंहगडरोडकरांचे बाबा ७३चे आहेत. सहा तिकिटं आधी काढून धक्क्यावर दोघांना मागे ठेवायची वेळ आली तर सगळा दिवस जाईल.

पाणकावळा
अटींचा मुद्दा मान्य. पण मग यूलोंगचा विचार करा. यूलोंग ही ली नदीची उपनदी, यांगश्वोच्या पश्चिमेला भातशेतीतून वाहते. तिथले तराफे खरोखर बांबूचे, मोटरबंदी आहे, नावाडी लांब वेळूने ढकलतो. एका तराफ्यावर दोन खुर्च्या, वर छत्री. चिनलोंग पूल ते च्यौश्यान हा टप्पा साधारण दीड तासाचा आणि त्यात बरेच छोटे बंधारे येतात. बंधाऱ्यावरून तराफा नाक खाली घालून सरकतो, तेव्हा पुढच्या टोकावरून पाणी येतं आणि पाय घोट्यापर्यंत भिजतात. मुलांना नेमकं तेच आवडतं. सपाट टप्पा हवा असेल तर खालच्या अंगाचे टप्पे छोटे आणि संथ आहेत.

लक्षात ठेवायचं ते असं. जवळच्या पिशव्या प्लॅस्टिकमध्ये, बुटांऐवजी पट्ट्याच्या चपला. लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. दुपारी नावाड्यांची जेवणाची सुट्टी होते आणि संध्याकाळी तिकीटविक्री लवकर बंद होते, म्हणून सकाळीच जा. मोठा पाऊस झाला की यूलोंग त्याच दिवशी बंद. ती छोटी नदी आहे, तासाभरात चढते.

नदीच्या वरच्या अंगाला १४१२ साली बांधलेला यूलोंग पूल आहे, दगडी, एका कमानीचा. आजी-आजोबांना तिथे गाडीने नेता येतं.

कातळवेडा
थोडं विषयांतर करतो, पण मुलगी ११ची आहे, तिला हे सांगितलं तर बोटीवरचे चार तास मजेत जातील.

आपला सह्याद्री बेसाल्टचा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाणी त्याला झिजवतं, फोडतं, पण विरघळवत नाही. म्हणून आपल्याकडे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे. ग्वेलिनचे डोंगर चुनखडीचे, तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेले. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. भेगांतून पाणी आत शिरतं, भेगा रुंदावतात, गुहा होतात, गुहांची छतं कोसळतात आणि मधला टणक भाग सुळका म्हणून उभा राहतो. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत हे काम जोरात चालतं.

मुलीला दोन प्रकार ओळखायला सांगा. यांगती ते शिंगपिंगमध्ये डोंगर खाली एकमेकांना जोडलेले आहेत, एकाच बुंध्यातून फुटल्यासारखे. ग्वेलिन शहराजवळ आणि यूलोंगच्या काठी ते सपाट शेतातून सुटे उभे आहेत. दुसरा प्रकार जास्त झिजलेला. दक्षिण चीनच्या या चुनखडी प्रदेशाला २००७ मध्ये जागतिक वारसा मानलं गेलं आणि ग्वेलिनचा भाग त्यात २०१४ मध्ये जोडला गेला.

गव्हाचीचिक्की
कातळवेडा, सुरेख! हे छापून नेणार.

मेतकूट_भात
जेवणाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. अंडंही न खाणाऱ्यांसाठी तिथे अडचण भाज्यांची नाही, भाज्या मुबलक मिळतात. अडचण तेलाची आणि रश्शाची आहे. खेड्यातल्या खाणावळीत पालेभाजी डुकराच्या चरबीत परततात आणि 'मांस नको' म्हटलं तर वरचे तुकडे काढून तेच पुढे ठेवतात, कारण त्यांच्या लेखी ते शाकाहारी झालं. ग्वेलिनचे प्रसिद्ध तांदळाचे नूडल्स (मीफन) हाडांच्या रश्शात किंवा मांसाच्या मसालेदार अर्कात देतात. आई-बाबांसाठी ते वगळाच.

चिनी लिपीत एक चिठ्ठी तयार करून फोनमध्ये आणि कागदावर ठेवा. त्यात सुटं सुटं लिहा: मांस नाही, मासे-कोळंबी नाही, अंडं नाही, डुकराची चरबी नाही, हाडांचा रस्सा नाही, ऑयस्टर सॉस नाही, वनस्पती तेल वापरा. फक्त 'शाकाहारी' लिहून भागत नाही. मागवायला सोपं: बटाट्याचा बारीक कीस परतून (तिखट-आंबट मिळतो), लसूण घातलेली पालेभाजी, वांगं, साधा भात, परतलेलं टोफू. वांग्यात आणि टोफूत खिमा घालायची पद्धत आहे, ते वेगळं सांगा.

बोटीवरचं जेवण बुफे असतं आणि त्यात आई-बाबांना भात, एखादी भाजी, फळं याहून फार काही मिळणार नाही. त्या दिवशीचा डबा बरोबर ठेवा. हॉटेलच्या खोलीत उकळत्या पाण्याची किटली असते, रेल्वेत आणि स्थानकांवर गरम पाण्याचे नळ असतात. म्हणून गरम पाणी ओतून होणारे पोहे, उपमा, मेतकूट, थेपले, भडंग, बाकरवडी हे सगळं चालतं. मात्र दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळं, भाज्या आणि मांस चीनमध्ये नेता येत नाही. पेढे, श्रीखंडाच्या गोळ्या, खव्याची करंजी घरीच राहू द्या. दिवाळीचा फराळ न्यायचा तर चकली, शेव, चिवडा असा न्या.

ऋतुपर्ण_पुणे
नोव्हेंबरचा प्रश्न. तिथला पावसाळा एप्रिलपासून जुलैपर्यंत, मे-जूनमध्ये सर्वाधिक. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत गेलात तर नदी गढूळ, तराफे बंद, कधी बोटीही बंद. दिवाळी त्या दृष्टीने उत्तम. १ ते ७ ऑक्टोबर त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हा गर्दी अफाट. नोव्हेंबरमध्ये ती ओसरलेली असते. दिवसा २०-२२ अंश, पहाटे १२-१३. डेकवर वारा लागतो, आई-बाबांना कानटोपी आणि जाकीट हवंच.

एक तोटा आहे, पाणी उतरायला लागतं. कोरडा हिवाळा असला तर मोठ्या बोटींचा टप्पा छोटा करतात. वरच्या अंगाच्या छिंगश्रथान धरणातून बोटींसाठी पाणी सोडतात, खडकवासल्यातून मुठेत सोडतात तसं. तिकीट काढताना 'पूर्ण टप्पा आहे का, कुठून कुठे' एवढं विचारून घ्या. नोव्हेंबरमध्ये सहसा पूर्ण असतो, डिसेंबर ते फेब्रुवारीत शंका धरावी.

तळजाई_सकाळ
एवढा खटाटोप कशासाठी? व्हिएतनामचं निन्ह बिन्ह बघा. डोंगर तसेच चुनखडीचे, हनोईपासून शंभरेक किमी, ई-व्हिसा घरबसल्या (एकदा प्रवेशाचा २५ डॉलर), गूगल चालतं. चांग आनमध्ये एका होडीत चार जण, अडीच-तीन तासांची वल्ह्यांची फेरी, भातशेतीतून आणि गुहांतून. ताम कोकमध्ये नावाडी पायाने वल्हवतात. चांग आनलाही २०१४ पासून जागतिक वारसा आहे.

नकाशेवाला
तळजाई_सकाळ, निन्ह बिन्ह सुंदरच आहे, पण या कुटुंबासाठी दोन गोष्टी बघाव्या लागतील. चांग आनच्या होडीत पाठीला टेका न देता फळीवर अडीच-तीन तास बसायचं, आणि काही गुहांची छतं इतकी खाली की गुडघ्यावर डोकं टेकावं लागतं. एका फेरीत तर जवळजवळ एक किलोमीटरची गुहा आहे. होडीत स्वच्छतागृह नाही, मध्ये मंदिरांपाशी उतरतात तिथेच काय ते. चांग आन घ्यायचंच तर कमी गुहांची फेरी निवडा. ताम कोक मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बघण्यासारखं, भात पिकून पिवळा झालेला असताना. नोव्हेंबरमध्ये तिथे कापून झालेलं शेत आणि पाणी.

ली नदीच्या मोठ्या बोटीवर पाठीला टेका, टेबल, छप्पर, स्वच्छतागृह सगळं आहे. ७३ वर्षांच्या माणसाला मी म्हणूनच तिथे बसवेन.

परदेशवारी_खिडकी
व्हिसा आणि पैशांचं लिहितो. भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागला, महाराष्ट्राचे अर्ज मुंबईत. अर्जात मुक्कामाचे आणि परतीचे कागद लागतात, म्हणून रद्द करता येणारी आरक्षणं आधी करा. मध्ये हाँगकाँगला जाऊन पुन्हा चीनमध्ये शिरणार असाल तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागेल. हाँगकाँगसाठी भारतीयांना वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणीही करावी लागते.

ग्वांगचौपर्यंत विमान, तिथून ग्वांगचौ दक्षिण स्थानकावरून वेगवान रेल्वे, ग्वेलिन अडीच-तीन तासांवर. रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्टवर निघतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, आडनाव-नाव उलटलं की फाटकावर अडवतात. मुलांचं तिकीट वयावर: सहाच्या आत एका मोठ्यामागे एक मूल मोफत (वेगळी जागा नाही), सहा पूर्ण ते चौदाच्या आत सवलतीत. तुमच्या मुलाचं तिकीट काढावं लागेल.

इथे नेहमीचा घोटाळा: 'यांगश्वो' नावाचं रेल्वेस्थानक यांगश्वो गावात नाही. ते शिंगपिंगजवळ आहे, यांगश्वो गावापासून साधारण ३० किमी. आधी बोट करायची असेल तर ग्वेलिनला उतरा. परतताना मात्र हे स्थानक सोयीचं.

पैसे: अलीपे (तिथलं पैसे द्यायचं ॲप) पुण्यातच फोनवर घ्या, पासपोर्टची पडताळणी करा, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेत परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून त्या सिमवर रोमिंग हवंच. २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के शुल्क लागतं, छोट्या व्यवहारांवर नाही. थोडी रोख ठेवा, खेड्यातल्या भाजीवाल्या आज्जींकडेही क्यूआर असतो, पण फोनची बॅटरी संपली की रोखच कामाला येते.

गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय रोमिंगवर किंवा परदेशी ई-सिमवर चालतात. तरी गूगलचे नकाशे चीनमध्ये काहीशे मीटर सरकलेले दिसतात. तिथला आमॅप वापरा.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं एकत्र कुठेच सापडलं नव्हतं. दोन शंका. लोंगचीची भाताची पायरीशेती पाच रात्रींत बसवावी का? आणि आईच्या गुडघ्यांचं काय? स्वच्छतागृहं कशी असतात?

मेतकूट_भात
सार्वजनिक ठिकाणी बहुतेक उकिडवं बसायची, आपल्या भारतीय पद्धतीची. सहज बसता-उठता येत नसेल तर हॉटेलमधून निघताना, मोठ्या स्थानकात आणि अपंगांसाठीच्या खोलीत कमोड मिळतो, तो शोधून वापरायचा. कागद आणि साबण स्वतःचा. खेड्यातलं घरगुती निवासस्थान घेताना 'कमोड आहे का, खोली कुठल्या मजल्यावर, लिफ्ट आहे का' हे तिन्ही प्रश्न लेखी विचारा. यूलोंगच्या काठची जुनी घरं तीन-चार मजली असतात, नदी दिसणारी खोली सगळ्यात वर आणि जिना अरुंद.

परदेशवारी_खिडकी
त्यात चौथा प्रश्न घाला: परदेशी पासपोर्टवर नोंदणी करता का? परदेशी माणसाच्या मुक्कामाची पोलिसांत नोंद २४ तासांत व्हावी लागते. हॉटेलं ती करतात, पण काही छोट्या घरांना ती पद्धत माहीत नसते आणि रात्री दारातून परत पाठवतात.

पायरीशेत
लोंगचीबद्दल. ग्वेलिनहून गाडीने दोन-अडीच तास. पायऱ्या साधारण ३०० मीटरपासून ११०० मीटर उंचीपर्यंत चढतात. च्वांग आणि याओ लोकांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या रचल्या, डोंगरमाथ्याच्या जंगलातलं पाणी झऱ्यांनी आणि बांबूच्या पन्हळींनी एकेका वाफ्यात उतरतं. मे-जूनमध्ये वाफे पाण्याने भरलेले, आरशासारखे. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिवळेधमक. तुम्ही जाल तेव्हा कापणी झालेली असेल, धसकटं उरतील. फिंगआन गावात सगळ्या पायऱ्याच पायऱ्या आहेत, सामान पाठीवरच्या टोपलीत नेणाऱ्या बायका मिळतात. ताचाय गावाकडे रोपवे आहे, आईला तिथेच न्यावं.

माझं मत: नोव्हेंबरमध्ये, पाच रात्रींत, गुडघे दुखत असताना लोंगची सोडा. जाण्या-येण्यात अख्खा दिवस जातो आणि भात शेतात नसतो. तो दिवस यूलोंगला द्या.

कातळवेडा
सहमत. त्याऐवजी ग्वेलिनमध्ये एक सकाळ वेळूबासरी गुहेला द्या (रीड फ्लूट केव्ह). आत सपाट वाट आहे, थोड्याच पायऱ्या, आणि भिंतीवर इ.स. ७९२ पासूनचे शाईचे लेख आहेत. मात्र रंगीत दिवे फार लावलेत, मूळ दगडाचा रंग बघायचा तर दिव्यांपासून दूरचे कोपरे बघा.

जुनेकालवे
आणि कुणाला इतिहासात रस असेल तर ग्वेलिनच्या ईशान्येला शिंगआनजवळ लिंगछू कालवा आहे. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या काळात, इ.स.पू. २१४ मध्ये पुरा झालेला, ३६ किमीचा. उत्तरेकडे यांगत्सेला मिळणारी श्यांग नदी आणि दक्षिणेकडे जाणारी ली नदी त्याने जोडली. प्रवाहाच्या मधोमध नांगराच्या फाळासारखा दगडी बांध घालून पाणी दोन वाटांना लावलं आहे. ज्या पाण्यावर बोटी चालतात त्याची ही जुनी कहाणी. लोंगची वगळल्यावर अर्धा दिवस उरला तर जरूर जा, सपाट जागा आहे.

गव्हाचीचिक्की
मुलांसाठी खेळ: 'नऊ घोड्यांचा डोंगर' येतो तेव्हा कड्यावरच्या डागांत घोडे शोधायचे. तिथली समजूत अशी की सात दिसले तर परीक्षेत दुसरा नंबर आणि नऊ दिसले तर पहिला. दहावीच्या आधी एकदा नेऊन आणा :)

पाणकावळा
हाहा, आणि २० युआनची नोट जवळ ठेवा. मागच्या बाजूला शिंगपिंगजवळचं दृश्य आहे, मुलांना नोट धरून डोंगर जुळवायला आवडतं. मासे पकडायला शिकवलेले पाणकावळे खांद्यावर घेतलेले म्हातारे दिसतील. आता ती मासेमारी बहुतेक छायाचित्रांपुरती उरली आहे, पैसे आधी ठरवून घ्या. १ मार्च ते ३० जून तर नदीत मासेमारीच बंद असते.

मूळ प्रश्नाकडे येतो. नकाशेवाल्यांशी मी वाद घातला, पण या सहा जणांसाठी दोन्ही करावं. सगळ्यांनी मिळून मोठी बोट, आणि दुसऱ्या दिवशी यूलोंगवर दोन तराफे: एकावर तुम्हा दोघांपैकी एक आणि मुलगा, दुसऱ्यावर दुसरं आणि मुलगी. उंचीची अट धक्क्यावर बघून. त्याच वेळी आजी-आजोबा गाडीने खालच्या धक्क्याला येऊन काठावर चहा घेतील. नदीकाठचा रस्ता सपाट आहे, सायकली भाड्याने मिळतात. विजेची स्कूटर घेऊ नका. आपलं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दोन्ही तिथे धरत नाहीत, अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

नकाशेवाला
हे पटलं. रात्रींची वाटणी अशी: ग्वेलिन एक, बोटीने उतरून यूलोंगच्या काठी तीन, शेवटची शिंगपिंगला, कारण यांगश्वो रेल्वेस्थानक तिथून जवळ आणि सकाळी नदीवर बोटी यायच्या आधी घाट रिकामा मिळतो. यांगश्वो गावात राहू नका, मुख्य रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात, आई-बाबांना झोप लागणार नाही. बोटीवरून उतरल्यावर धक्क्यापासून बाहेरपर्यंत दुकानांच्या रांगेतून बरंच चालायचं असतं, तिथे बॅटरीची गाडी मिळते. यजमानाला धक्क्याचं नाव आधी विचारून गाडी तिथे बोलवा.

सिंहगडरोडकर
ठरलं. अगदी असंच करतो. एक राहिलं: तिघांचे पॉवर बँक आहेत, विमानात हातसामानात चालतील ना?

परदेशवारी_खिडकी
भारतातून जाताना हातसामानात चालतील. पण चीनमधल्या अंतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून तिथला ३सी हा सुरक्षेच्या प्रमाणपत्राचा शिक्का नसलेला पॉवर बँक नेता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांवर तो नसतो. तुम्ही ग्वांगचौहून रेल्वेने जाताय म्हणून अडचण नाही. रेल्वेच्या तपासणीत मात्र चाकू आणि मोठे स्प्रे काढून घेतात. १५० मिलीपेक्षा मोठा डासांचा किंवा केसांचा स्प्रे नेऊ नका, ओडोमॉसची ट्यूब न्या.